दसऱ्यानंतर पुन्हा बोटीवर: घाटावरच्या नवख्यांसाठी

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या माणसानं गोव्यात शिडाची बोट घेतली, एकट्यानं म्हणा की दोघा-तिघांत मिळून, की पहिला पावसाळा तो कसाबसा काढतो. गणपती गेले की मात्र त्याला राहवत नाही. शनिवारी गाडीत गाद्या, भांडी, शेगडी, पोरंबाळं भरायची, चोर्ला घाट उतरायचा आणि त्याच रात्री बोटीवर झोपायचं, असा बेत ठरतो. हा लेख तो बेत थोडा पुढे ढकलण्यासाठी आहे. बोटीवर जरूर राहा, थंडीचे सगळे महिने राहा. पण त्याआधी चार-पाच दिवसांचं काम असतं आणि त्या कामाला क्रम असतो.

क्रम असा. आधी पाणी आत येण्याच्या सगळ्या वाटा तपासायच्या. मग आग लागण्याच्या. मग डोलकाठी आणि शिडं. स्वयंपाकघर आणि अंथरूण-पांघरूण सगळ्यात शेवटी. नवखा माणूस बहुधा उलटा जातो, कारण घर लावणं त्याला येतं आणि बुडातले व्हॉल्व्ह त्यानं कधी हाताळलेले नसतात. किनाऱ्यावरच्या पोराला हे घरात बसल्या बसल्या कळतं. आपल्याला वाचून आणि विचारून शिकावं लागतं, आणि विचारण्यात कमीपणा काही नाही.

पुढचं सगळं २५ ते ३५ फुटांची, फायबरची, आत छोटं डिझेल इंजिन असलेली आणि पावसाळ्यात बोटींच्या यार्डात पाण्याबाहेर काढून झाकून ठेवलेली बोट गृहीत धरून लिहिलं आहे.

कधी निघायचं

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. नारळी पौर्णिमा झाली की कोळी दर्यावर जातात, ते बघून आपणही निघावं असं वाटतं. ट्रॉलरचं इंजिन आणि त्यावरच्या माणसांचा हात वेगळा. आपण थांबायचं. गोव्यातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर माघारी जातो. दसरा झाला, आकाश निवळलं, की यार्डाला फोन करावा.

इथं आपल्याला एक गोष्ट गोवेकरांच्याही आधी कळते. पणजीसमोरची मांडवी म्हणजे आपली म्हादई. ती खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते. कणकुंबीच्या परिसराची मौज अशी, की तिथूनच मलप्रभा पूर्वेला निघून कृष्णेला मिळते आणि जवळच्याच रानातले ओढे पश्चिमेला उतरून म्हादईत जातात. तेव्हा जांबोटी-कणकुंबीला पाऊस लागून राहिला असेल, तर खाली मांडवीला गढूळ लोंढा आहे, त्यात ओंडके, केळीचे खुंट, जलपर्णीचे पुंजके वाहताहेत, हे घरबसल्या ओळखावं. अशा पाण्यात बोट उतरवली तर बोटीच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, पात्यावर ओंडका बसायला वेळ लागत नाही. कणकुंबीच्या ओळखीच्या माणसाला पाऊस विचारा आणि तो ओसरून आठवडा जाऊ द्या.

नौदलाची जी शिडाची बोट २००९ साली गोव्यात बांधून झाली, तिला 'म्हादेई' हे आपल्या नदीचंच नाव दिलं. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कुठंही न थांबता केली. खानापूरच्या माणसानं ही गोष्ट पोरांना जरूर सांगावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात, हेही ध्यानात ठेवा. २०१९ चं 'क्यार' ऐन ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत आलं होतं. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्रमाहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज बघायची सवय बोट पाण्यात जाण्याआधीच लावून घ्या. बोट उतरवायला बरीच यार्डं अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती धरतात, त्यामुळं तारीख आधीच सांगून ठेवावी लागते. नोंदणी आणि विम्याचे कागद त्याच वेळी काढून बघा. मुदत संपलेला विमा यार्डात पोचल्यावर सापडला तर दिवस फुकट जातो.

घरूनच उरकायची कामं

शिडं पावसाळ्यात गोव्यात ठेवू नयेत, वर आणावीत. बेळगाव शहरातही ओल असतेच. निपाणी-चिकोडीकडं कुणाचा कोरडा माळा असेल तर तो सगळ्यात बरा, कारण तिकडं पाऊस पुष्कळ कमी. तंबाखूच्या वखारीत मात्र ठेवू नका, वास हंगामभर जात नाही. निघण्याआधी शीड अंगणात किंवा गच्चीवर पसरा आणि शिवणीवरून नख ओढत जा. कापड चांगलं दिसतं, पण उन्हानं दोरा कुजलेला असतो. नखानं दोरा तुटला की ती शिवण पुन्हा मारून घ्यायची. उंदरानं घडीत घर केलंय का, तेही तेव्हाच दिसतं.

नट-बोल्ट, पिना, पट्ट्या आपण सवयीनं बेळगावातूनच घेतो, आणि उद्यमबागेसारखी वर्कशॉपची सोय किनाऱ्यावर सहज मिळत नाही हे खरंच. मापानं एखादी पट्टी किंवा शाफ्टचा तुकडा करून घ्यायचा तर तिथंच घ्या. पण धातू नीट सांगा. दुकानात 'स्टेनलेस' म्हणून जे मिळतं ते बहुतेक ३०४ किंवा त्याहून हलकं असतं. खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग पडतात आणि खाचेत ते आतून खातं. बोटीला ३१६ लागतं. दर जास्त पडतो, तो द्यावा. पाण्याखालच्या कुठल्याही जागी साधं पितळ वापरू नका. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, मागं गुलाबीसर पोकळ तांबं उरतं आणि ते हाताच्या बोटानं ढकललं तरी मोडतं. तिथं गनमेटल किंवा ब्राँझच हवं. शिडाच्या तारांच्या टोकांचे भाग घरगुती करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, ते तयार आणि प्रमाणित घ्यावेत.

बॅटऱ्या घरी आणल्या असतील तर पूर्ण चार्ज करून न्या. गाडीत त्या उभ्याच राहतील अशा बांधा, नाहीतर घाटातल्या वळणांवर ॲसिड सांडेल.

यार्डात: बुड

यार्डात पोचलात की शिडी लावून वर चढायची घाई करू नका. बोटीभोवती खालून दोनदा फिरा. बोट ठोकळ्यांवर आहे तोवरच बुडाचं काम होतं. पाण्यात गेल्यावर तीच दुरुस्ती दहापट अवघड होते.

बुडाला जिथं जिथं भोक आहे तिथं आतून एक व्हॉल्व्ह असतो, त्याला सी-कॉक म्हणतात. इंजिनचं पाणी आत घेणारा, सिंकचं पाणी बाहेर सोडणारा, संडासाचे दोन, असे बहुतेक बोटींवर चार-सहा तरी निघतात. बाहेरून भोकं मोजा, आत जाऊन व्हॉल्व्ह मोजा. आकडा जुळला पाहिजे. मग प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पूर्ण बंद करा. जड चालला तर ग्रीस द्या. हललाच नाही तर हातोडी मारून हलवू नका, यार्डालाच बदलायला सांगा. अडकलेला व्हॉल्व्ह संकटाच्या वेळी बंद होत नाही, आणि तो बसवलेला असतो तो त्या एका वेळेसाठीच. धातूवर चाकूचं टोक हलकं ओढा. पिवळी चकाकी दिसली तर ठीक, गुलाबी दिसली तर तो व्हॉल्व्ह गेला.

व्हॉल्व्हवर चढवलेला रबरी पाइप आवळणाऱ्या पट्ट्या म्हणजे क्लिपा. पाण्याच्या रेषेखाली प्रत्येक टोकाला दोन हव्यात. त्यांची फसगत खालच्या बाजूला असते. वरून क्लिप चकचकीत दिसते, पण तिचा आवळायचा स्क्रू हलक्या लोखंडाचा निघतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अंगाला गंजून बसतो. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक क्लिपची खालची बाजू बघा, आरसा जात नसेल तिथं हाताचं बोट फिरवा. बोटाला तांबडी भुकटी लागली की क्लिप बदला. स्वस्त वस्तू आहे, डझनभर जवळ ठेवा. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीनं बांधून ठेवा. पाइप निसटला तर ती ठोकून पाणी थांबवता येतं. खुंट्या एका डब्यात भरून कपाटात ठेवल्या तर अंधारात त्या सापडणार नाहीत.

पंख्याजवळ आणि शाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) बसवलेला धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, अर्धा झिजला असेल तर बदला. बाकीचे धातू वाचावेत म्हणून तो स्वतः झिजतो. त्याला रंग कधीही लावू नका, रंगाखाली तो काम करत नाही. भर समुद्रात जस्ताचा चालतो. मांडवीत पाणी पावसाळ्यानंतर गोडसर आणि उन्हाळ्यात खारं होत जातं, म्हणून तिथं ॲल्युमिनियमचा बरा. गोडसर पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते निजून राहतं.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलवा. थोडी खडखड चालते, लटपट चालत नाही. बुडाचा शेवाळरोधक रंग लावून झाल्यावर किती दिवसांत बोट पाण्यात गेली पाहिजे ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून उतरवायच्या तारखेवरून मागं मोजा.

पाण्यात उतरवताना

क्रेनच्या पट्ट्यांत बोट पाण्याला टेकली की यार्डाची माणसं पट्टे सोडायच्या तयारीला लागतात. त्यांना पुढची बोट असते. त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून घ्या: "मामा, पाव तास पट्टे ढिले करू नका, मी आत बघून सांगतो." चांगला कारागीर याला कधी नाही म्हणत नाही. उलट तुम्ही विचारलंत यावरूनच तो तुम्हाला ओळखतो.

आतल्या फळ्या आधीच काढून ठेवलेल्या हव्यात. प्रत्येक व्हॉल्व्हखाली घरच्या जुन्या पेपरचा कोरडा तुकडा ठेवा. ओल्या बुडात थेंब डोळ्याला दिसत नाही, पेपरवर लगेच डाग उमटतो. पाव तासानं सगळे तुकडे कोरडे असतील तर पट्टे सोडायला सांगा. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथं जुन्या पद्धतीची दोऱ्याची पॅकिंग असेल, तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडणं योग्यच. तेवढेही पडू नयेत म्हणून आवळलीत तर शाफ्ट तापतो आणि झिजतो. रबरी भात्याची नवी पद्धत असेल तर भाता हातानं दाबून आतली हवा काढा, पाणी आलं की सोडा. हे राहिलं तर सील कोरडं चालतं आणि जळतं.

मग बुडातला पंप. बटण दाबून आवाज ऐकला म्हणजे पंप चालतो असं नाही. बादलीभर स्वच्छ पाणी बुडात ओता, तरंगता स्विच आपोआप उचलतोय का बघा, आणि पाणी खरोखर बाहेर पडतंय का तेही बघा. हातपंपाचंही तसंच. पुढं कधी बुडात पाणी दिसलं तर जुने लोक त्यात हाताचं बोट बुडवून चव बघायला सांगतात: खारट म्हणजे बाहेरचं, गोड म्हणजे टाकीचं. ऑक्टोबरात मांडवीच अर्धी गोड असते, तेव्हा त्या चवीवर विसंबू नका. टाकीच्या पातळीला खूण करून ठेवा आणि ती उतरतेय का ते बघा.

पहिल्या रात्री बोट धक्क्याला बांधून ठेवा आणि तुम्ही गावात खोली घेऊन झोपा. सकाळी बुड कोरडं आहे का ते आधी बघायचं, चहा मग.

इंजिन आणि वीज

इंजिनात दर हंगामाला तेल, तेलाचा फिल्टर, डिझेलचे फिल्टर आणि पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक बदलावं. हे चाक, म्हणजे इम्पेलर, सहा महिने एकाच जागी दबून राहिलं की त्याच्या पाकळ्या वाकड्या होतात आणि सुरू करताना तुटतात. जुन्याची पाकळी गायब असेल तर ती पुढं पाइपात अडकलेली असते. ती शोधून काढल्याशिवाय नवं चाक बसवू नका. डिझेलच्या टाकीच्या तळाला पावसाळ्यात पाणी साचतं, आणि पाणी व डिझेल जिथं भेटतात तिथं काळा चिकट गाळ धरतो. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची खालची तोटी उघडून काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि उन्हात धरा. स्वच्छ, एकसारखं डिझेल येईपर्यंत काढत राहा.

पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे बघूनच किल्ली फिरवा. सुरू झाल्यावर एकानं मागं जाऊन धुराच्या नळीकडं बघायचं. धुराबरोबर पाण्याचे फवारे लगेच यायला हवेत. अर्ध्या मिनिटात आले नाहीत तर बंद करा. आले, तर बोट धक्क्याला पक्की बांधून गिअरमध्ये टाका आणि अर्धा तास चालवा. नुसतं रिकामं फिरवून इंजिनचं दुखणं कळत नाही.

वीज आपल्या लोकांना समजते, इन्व्हर्टर सांभाळणारी आपली घरं आहेत. शिशाची बॅटरी चार्जर काढून काही तास थांबल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. लिथियमला हा हिशेब लागू नाही, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत सारखाच दिसतो, तिला वेगळा मीटर लागतो. टोकांवरची हिरवी-पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, कोरडी करून, वर ग्रीस लावा. ढिलं टोक तापतं, आणि बोटीवरच्या आगीला तेवढं पुरतं.

गॅस

हे लक्ष देऊन वाचा. घरात गॅस गळला तर दार-खिडकीखालून थोडा तरी बाहेर जातो. बोटीला दार वरच्या बाजूला असतं आणि एलपीजी हवेपेक्षा जड आहे. तो बुडात उतरतो आणि साचून राहतो. तिथंच बॅटरी आहे, पंपाचा स्विच आहे, इंजिनचा स्टार्टर आहे. म्हणून सिलिंडर केबिनमध्ये कधीही ठेवायचा नाही, ओट्याखाली तर नाहीच. त्याला बाहेर, कॉकपिटमध्ये, म्हणजे उघड्या बैठकीच्या जागेत, वेगळा कप्पा असतो आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी नळी असते. ती नळी गांधीलमाशीच्या मातीनं किंवा पाल्यानं बुजलेली आहे का ते तार घालून बघा. पावसाळ्यात ती हमखास बुजते.

सिलिंडर ५ किलोचा छोटा आणा. रबरी पाइप आणि रेग्युलेटरवर छापलेली मुदत बघा, गेलेली असेल तर बदला. मग साबणाचा घट्ट फेस करून प्रत्येक जोडावर लावा. फुगा धरला की गळती. काडी पेटवून बघायची खोड आपल्याकडं अजून आहे, ती इथं जीव घेईल. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाइपातला गॅस जळून ज्योत विझू द्यायची, मग शेगडीची कळ. हा नियम घरातल्या प्रत्येकाला, आलेल्या पाहुण्यालासुद्धा, शिकवा. कधी वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका, सिलिंडर बंद करा, झाकणं उघडा, सगळ्यांना वर काढा.

केबिन बंद करून शेगडी चालवू नये, विषारी वायूला वास नसतो. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही अलार्म बसवा. अग्निशामक नळकांडं केबिनच्या दाराशी हवं. ओट्यामागं असेल तर आगीतून हात घालावा लागेल.

डोलकाठी

नवख्यानं स्वतः वर चढू नये, जाणकाराला पैसे द्यावेत. खालून जेवढं दिसतं तेवढं मात्र स्वतः बघा. तारांवरून कापसाचा बोळा ओढत न्या. एखादा बारीक धागा तुटलेला असेल तर कापूस तिथं अडकतो. हातानं बघू नका, तो काटा बोटात खोल जातो. तारेच्या टोकाच्या नळीवर तडा किंवा गंजाची ओघळ असेल तर ती तार बदला. टर्नबकलच्या, म्हणजे तारा ताणायच्या स्क्रूच्या, पिना वाकवून, टोकं चिकटपट्टीनं गुंडाळलेली हवीत, नाहीतर शीड फाटतं.

यार्ड पणजीच्या पुलांच्या वरच्या अंगाला असेल तर डोलकाठीची उंची, पुलाखालची मोकळी जागा आणि भरतीची वेळ यांचा हिशेब यार्डवाल्यांसोबत बसून करा. शिडं पहिल्यांदा चढवायची ती सकाळी. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून हळू येतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा जोर धरतो आणि फडफडणारं शीड नवख्याच्या हाताला आवरत नाही.

आता घर

पाण्याची टाकी घासून, धुऊन घ्या. मग ५ टक्क्यांचं, वास नसलेलं ब्लीच दर लिटरला १ मिलिलिटर, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला २०० मिलिलिटर, घालून टाकी भरा. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी सगळं काढून दोनदा धुवा. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर ब्लीच टाळा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला ५ लिटर धरा.

बुरशीला पांढरं व्हिनेगर पुरतं. फळ्या, छत, कपाटांच्या आतल्या बाजू फडक्यानं पुसा आणि सगळी झाकणं, दारं दिवसभर उघडी टाका. ब्लीचचं काम आणि व्हिनेगरचं काम एका दिवशी करू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन सुटतो, आणि केबिनमध्ये पळायला जागा नसते.

आजीनं शिवलेली वाकळ न्यायचा मोह होतो. ती घरीच राहू द्या. सुती जाड अंथरूण खारी ओल धरतं आणि मग सुकतच नाही. पातळ, लवकर वाळणारी पांघरुणं न्या. खाऱ्या पाण्यानं भिजलेला कपडा गोड्या पाण्यात पिळूनच दोरीवर टाका, कारण मीठ हवेतली ओल ओढत राहतं.

खाण्यात मात्र आपल्याकडचं काहीच बदलू नका. ज्वारीची कडक भाकरी बोटीसाठीच केली असावी इतकी सोयीची आहे: हवाबंद डब्यात महिना-महिना टिकते, गॅस लागत नाही, पोट धरून राहते. सोबत शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, सांडगी मिरची. दूध-दह्याचं तेवढं रोज ताजं घ्यावं. कुंदा नेलात तर शेजारच्या बोटींना आणि यार्डातल्या मंडळींना पहिल्याच दिवशी वाटा, उकाड्यात तो ठेवायचा नसतो. तांदूळ-डाळी झाकणाच्या प्लास्टिक बरण्यांत भरा. दुकानातले पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडा, झुरळांची अंडी त्यातून येतात. जड सामान खाली आणि मधोमध, दोन्ही बाजूंना सारखं. सगळं भरल्यावर धक्क्यावर उतरून बघा, बोट एका अंगाला कलली असेल तर कपाटं बदला.

संडासाच्या पंपाचा दांडा आणि व्हॉल्व्ह कसा चालवायचा ते पाहुणा येण्याआधी त्याला दाखवायचं. नदीत काही सोडायचं नाही, टाकी असेल ती वापरायची. आपल्याच रानातून आलेलं पाणी आहे ते.

नांगरावरची पहिली रात्र

धक्क्याला दोन-तीन रात्री झोपून झाल्या, बुड कोरडं राहिलं, की नांगरावर जा. साखळी किती सोडायची याचा हिशेब असा: ओहोटीला ४ मीटर खोली, भरतीला आणखी २, आणि पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची १, एकूण ७ मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून तो चिखलात बसवा. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, एखादा माड आणि त्यामागचा घराचा कोपरा. रेष मोडली तर बोट सरकतेय. मांडवीत भरती-ओहोटीला बोट तोंड फिरवते, तेव्हा दोन्ही वेळा बघा. रात्री डोलकाठीवर पांढरा दिवा हवाच, खनिजाच्या बार्जना तुम्ही त्याशिवाय दिसत नाही. आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बार आहे, तिथून पहिल्यांदा बाहेर पडताना स्थानिक माणूस सोबत घ्या.

लाइफ जॅकेट पोरांच्या अंगावर धक्क्यापासूनच हवीत. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर लावून ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लिहा. घरी बेळगावात एका माणसाला रोज ठरल्या वेळी फोन करायचा, आणि फोन आला नाही तर किती वेळ थांबून कुणाला कळवायचं, हे त्याच्याशी बोलून कागदावर लिहून द्या.

आठवड्याभरात वर एक फेरी मारावीच लागते. त्या फेरीत न्यायचं ते असं: न लागलेली भांडी आणि कपडे परत घरी, येताना आणखी क्लिपा, एक जादा इम्पेलर, डिझेलचे दोन फिल्टर, ३१६ चे बोल्ट, कडक भाकरीचा दुसरा डबा. निपाणी-संकेश्वरच्या मंडळींना आजरा-आंबोलीचा रस्ता सोयीचा, बेळगाव-खानापूरकरांना चोर्ल्याचा. घाट उजेडीच उतरा.